हिरव्या ट्यूबशिवाय

बंगळूरच्या बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या आमच्या चित्रकलेच्या क्लासात हिरव्या रंगाची ट्यूब आणायला बंदी आहे. काळ्याचीही. पॅलेटवर उरतात ते टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. समोर मात्र रस्ताभर रेन ट्रीची कमान, मध्येच फेब्रुवारीत फुललेला गुलाबी टॅबेबुइया.

आधी बर्न्ट सिएना टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून फडक्याने कॅनव्हासभर पुसून घ्यायचा. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग गडदच वाटतो आणि अंदाज चुकतो. शिवाय पुढे दोन फटकाऱ्यांच्या फटीतून हा तांबूसपणा डोकावतो आणि हिरव्यात जीव येतो. मग सर कन्नडमध्ये म्हणतात, ‘‘अर्ध कण्णु मुच्चि नोडी,’’ अर्धे डोळे मिटून पाहा. डोळे किलकिले केले की पानं, तारा, पाट्या, सगळं विरघळतं आणि मोजके चार-पाच डाग उरतात. तेवढेच मांडायचे. गडद भाग आधी, पातळ. उजेड शेवटी, जाड. जवसाचं तेल वरच्या थरात जास्त हवं, नाहीतर वरचा थर खालच्याआधी वाळून तडकतो.

खरी परीक्षा झाडाखालच्या सावलीची. डांबरावरची सावली काळीच असणार, असं आपलं ठाम मत असतं. प्रत्यक्षात तिथे ऊन पोचत नसलं तरी आकाशाचा निळा उजेड पोचतो. म्हणून अल्ट्रामरीन, त्यात थोडा क्रिमसन, चिमूटभर सिएना आणि पांढरा. पिवळ्या कंपाउंडवरून ऊन परततं तिथे तीच सावली ऑकरकडे झुकते. पॅलेटवर हा जांभळा अगदी खोटा वाटतो; शेजारी उन्हातल्या रस्त्याचा फिकट, पिवळसर फटकारा पडला की दोन्ही खरे होतात.

दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्र म्हणजे सैल हाताने मारलेले फटकारे, हा समज मला आता विनोदी वाटतो. इतका हिशेबी प्रकार दुसरा नसेल. फटकारा एकदा ठेवला की त्यावरून ब्रश परत फिरवायचा नाही, नाहीतर ओले रंग मिसळून चिखल होतो. निम्मा वेळ ब्रश पुसण्यात जातो.

आणि घाई असतेच. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून सावलीच्या कडा सुरुवातीलाच पक्क्या करायच्या आणि नंतर ती कुठेही गेली तरी तिच्यामागे धावायचं नाही. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१मध्ये गवताच्या गंजी रंगवताना उजेड बदलला की कॅनव्हास बदलला. त्याची चैन होती. बाहेर बसून तैलरंग वापरणं मुळात सोपं झालं ते जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१मध्ये रंगांची पत्र्याची ट्यूब काढल्यामुळे. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत.

फ्रान्सचा तिरपा, रेंगाळणारा उजेड इथे मिळत नाही. बंगळूर तेराव्या अक्षांशावर. एप्रिलच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि गुलमोहर फुलतो तोही त्याच सुमारास. तरी या शहराच्या फुललेल्या झाडांवर रुमाले चन्नबसवय्या (१९१०–१९८८) यांनी चित्रांमागून चित्रं काढली. आमच्या कोल्हापूरकरांना अशा वेळी चित्रकार आबालाल रहिमान आठवतातच, पण कोल्हापुरातल्या कोटितीर्थाच्या पाण्यावरचा उजेड वेगळा आणि इथल्या डांबरावरचा वेगळा. गुलमोहर रंगवायचा तर सकाळी लवकर बसायला हवं. दुपारी त्याची सावली बुंध्याभोवती गोळा होते आणि चित्रातला जांभळा बसवायला जागाच राहत नाही.