ट्रॅक्टर समजून घेताना (लेखांक ६) : नांगर उलटवणारे तेल

उन्हाळी नांगरटीत तास संपतो आणि ट्रॅक्टर बांधाशी येतो. चालक लिफ्टने नांगर उचलतो, ट्रॅक्टर वळवतो आणि सीटशेजारचा छोटा दांडा ओढतो. माणसांना हलवता न येणारा पलटी नांगर काही सेकंदांत फिरतो. परतीच्या तासातही माती आधीच्याच बाजूला पडते आणि रानात मधे चर राहत नाही.

मागच्या लेखांकात पाहिलेली लिफ्ट अवजार उचलते आणि खाली सोडते. नांगर फिरवणे किंवा ट्रॉली कलवणे ही कामे तेलाच्या वेगळ्या वाटेने होतात. ती उघडबंद करणाऱ्या झडपेला रिमोट किंवा ऑक्झिलरी व्हॉल्व्ह म्हणतात. ट्रॅक्टरच्या पोटातले तेल दूरच्या अवजारापर्यंत पोचवायचे, एवढाच त्या नावाचा अर्थ.

दांडा मधोमध असतो, तेव्हा अवजार हलवणाऱ्या जॅककडे जाणारी वाट बंद असते. दांडा एका बाजूला केला की व्हॉल्व्हमधली दांडी सरकते, तेल एका पाइपाने जॅकमध्ये जाते आणि दुसऱ्या पाइपाने परत येते. दांडा उलट बाजूला केला की वाटाही उलटतात. अनेक पलटी नांगरांत जॅक आधी आखडून नांगर उभा करतो, मग लांबून त्याला पलीकडे ढकलतो. दोन्ही बाजूंनी जोर लागतो, म्हणून इथे दोन पाइपांचा डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह हवा. ट्रॉलीला बहुधा सिंगल अ‍ॅक्टिंग पुरतो. तेल तिला वर नेते आणि खाली ती स्वतःच्या वजनाने येते. नांगर विकत घेण्याआधी आपल्या ट्रॅक्टरवर कोणता व्हॉल्व्ह आहे, ते जरूर पाहा.

आता या लेखांकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जॅकची ताकद दाबातून येते आणि वेग तेलाच्या प्रवाहातून. जॅकचा आतला व्यास ६३ मिलिमीटर असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर भरते. दाब १५० बार असला, तर तो साडेचार टनांहून अधिक जोर लावतो. याच जॅकला २० सेंटिमीटर सरकायला ६२० मिलिलिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल, तर हे काम दोन सेकंदांत होते.

बिघाड ओळखतानाही हाच हिशेब कामी येतो. भरलेली ट्रॉली उचलली जाते, पण फार सावकाश, तर आधी तेलाची पातळी आणि फिल्टर पाहा. रिकामी ट्रॉली भरभर वर जाते आणि भरलेली अडते, तर दाब कमी पडतोय. अशा वेळी दाबाची मर्यादा राखणारा रिलीफ व्हॉल्व्ह स्वतः आवळू नका. ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब गेला, तर पाइप फुटतो. जॅक टोकाला पोचल्यावरही दांडा ओढून धरला, तर हाच व्हॉल्व्ह उघडून आवाज करतो आणि तेल तापते. आवाज आला की दांडा सोडा.

पाइप जोडायचा कपलर हा या वाटेचा उंबरठा. तिथे साचलेली माती पुसल्याशिवाय पाइप जोडला, तर ती तेलाबरोबर व्हॉल्व्हपर्यंत जाते. बहुतेक ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरबॉक्समध्येही फिरते, त्यामुळे कचरा तिथेही पोचतो. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसा आणि काम झाल्यावर टोपणे लावा. पाइपांवर रंगाची खूण करा. त्यांची अदलाबदल झाली, तर दांडा उलटा चालतो.

पाइप काढण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि दांडा दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब मोकळा करा. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कधीही शिरू नका.

गळती बोटाने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम ठिपक्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतला भाग सडू लागतो आणि हात गमवावा लागू शकतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. तेल कातडीत शिरलेच, तर दुखण्याची वाट न पाहता त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

(पुढील लेखांकात : पीटीओ)