सत्कार कोणत्या बातमीचा?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. सातारा-सांगली भागातील शाळा व शिक्षक यांच्याविषयी चांगले लिहिणाऱ्या वार्ताहरांना शाल-श्रीफळ देण्यास याहून योग्य मुहूर्त कोणता? हेतू स्तुत्यच आहे. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एखादी शिक्षिका काय करते, हे तालुक्याच्या वार्ताहराखेरीज कोण सांगणार?

परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक शंका छळते. ज्या मालाला भाव, त्याचा पुरवठा वाढतो. या वार्ताहराचे मानधन तुटपुंजे; पुष्कळदा त्यालाच जाहिरातीही गोळा कराव्या लागतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्या देतात शिक्षणसंस्थाच. त्यावर पुन्हा केवळ अनुकूल बातमीस पुरस्कार ठेवला, तर गळक्या वर्गाची, रिक्त पदाची बातमी लिहावी कोणी? अशा एका निवड समितीवर मी होतो. पुढ्यात आलेल्या कात्रणांत उद्घाटनांच्या छायाचित्रांचीच गर्दी होती!

याच मातीतले, कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर हे शिक्षकही होते आणि 'केसरी'चे संपादकही. कोल्हापूर संस्थानच्या कारभाराविषयीच्या लेखनापायी १८८२ मध्ये टिळकांसह त्यांनी १०१ दिवस डोंगरीचा तुरुंगवास भोगला. अनुकूल लिखाणाच्या कसोटीवर त्यांचे नाव यादीत तरी आले असते काय?

सत्कार अवश्य व्हावा. मात्र निवड समितीत संस्थाचालकांऐवजी पालक असावेत, आणि शाळांच्या उणिवा दाखविणारी कात्रणेही त्यांच्यापुढे ठेवली जावीत.