फटफटीचा नाद, घराची शिस्त

खेड्यातली जुनी माणसे मोटारसायकलला अजून फटफटीच म्हणतात. नाव तिच्या आवाजावरून पडले, आणि त्या आवाजाचा नाद एकदा लागला की सहसा सुटत नाही. कुणाला बैलांचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा, कुणाला भजनाचा. आमच्या घराला फटफटीचा आहे. वडिलांपासून तो माझ्याकडे आला, आणि माझ्याकडून बायकोकडे व मुलीकडे गेला. नाद म्हटला की लोक नावे ठेवतात. पण शिस्तीने सांभाळला तर तो घराच्या उपयोगी पडतो, आणि शिस्त सोडली तर घर बसवतो.

फटफटी गावात आली

1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि 350 सीसीची बुलेट आपल्या देशात तयार होऊ लागली. 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडली. 1973 पासून तिचेच नाव येझदी झाले. एस्कॉर्ट्सची 175 सीसीची राजदूतही त्याच काळातली. 1972 साली पायडलची लुना आली आणि ज्याला मोठी गाडी झेपत नव्हती त्याच्याही दारात इंजिन आले. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. ती फोर-स्ट्रोक असल्याने पेट्रोल कमी लागे आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची कटकटही नव्हती.

आमच्या वडिलांनी जुनी राजदूत घेतली होती. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मापाने घालावे लागे. कमी पडले तर इंजिन धरायचे, जास्त झाले तर प्लगवर काजळी बसायची. माप धरण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे. वडिलांचा एक नियम होता : ज्याला प्लग काढून साफ करता येत नाही, चेनचा ताण बघता येत नाही, त्याने हँडलला हात लावायचा नाही. आधी पान्हा, मग किल्ली. लायसन्स निघेपर्यंत आम्ही गाडी पुसली, ढकलली, तिची चाके काढली. रस्त्यावर मात्र चालवली नाही. त्यामुळे गाडीविषयी प्रेम वाटू लागले ते ती चालवण्याआधीच.

बैलासारखीच निगा

पुढे कृषी खात्यात नोकरी लागली आणि गावोगाव फिरणे आले. शेतकऱ्याला बैलाची निगा सांगावी लागत नाही. जुंपण्याआधी तो खूर बघतो, खांदा बघतो. फटफटीलाही तेवढेच हवे. सकाळी निघताना चार गोष्टी बघाव्यात : दोन्ही चाकांतली हवा, दोन्ही ब्रेक, मागचा दिवा आणि चेन. शेताच्या वाटेवरची माती चेनवर बसते. ती ब्रशने साफ करून ऑइल द्यावे. चेन किती सैल असावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ही सगळी तपासणी दोन-तीन मिनिटांत होते. आमच्याकडे रविवारी हे काम सारे घर मिळून करते.

पुष्कळ जण पुढचा ब्रेक दाबायला घाबरतात. खरे तर गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचाच ब्रेक जास्त काम करतो. दोन्ही ब्रेक एकदम पण हळूहळू दाबत न्यावेत. चिखल, खडी किंवा रस्त्यावर मळणीसाठी पसरलेले पीक असेल तर वेग आधीच कमी करावा. तिथे झटका देऊन ब्रेक मारला की चाक घसरलेच.

किल्ली बायकांच्या हाती

बहुतेक घरांत गाडी गड्याची आणि मागची जागा बाईची, अशी वाटणी असते. आमच्या घरी ती नाही. लग्नानंतर बायको खळ्यावर गाडी शिकली आणि रीतसर लायसन्स काढले. मी फिरतीवर असताना दूध डेअरीला पोचवणे, आजारी माणसाला तालुक्याला नेणे ही कामे तिने केली. मुलगीही अठरा पूर्ण झाल्यावर शिकली. माझी आई ऐंशीच्या घरात आहे. नऊवारीला कासोटा असल्याने ती दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसते. सहावारी नेसून एका बाजूला बसणाऱ्या भगिनींनी मात्र पदर आणि निऱ्या आवरून बसावे. मागच्या चाकाची जाळी पोरे शोभेसाठी काढून टाकतात. ती काढू देऊ नका. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर क्षणात होत्याचे नव्हते होते.

खुंटीवरचे हेल्मेट

एका गावात माझ्या प्रात्यक्षिक प्लॉटचा एक तरुण शेतकरी होता. हुशार, कष्टाळू. उसाच्या हंगामात रात्री घरी येताना उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचे हेल्मेट भिंतीवर खुंटीला होते. त्याच्या वडिलांनी माझी नजर तिकडे गेलेली पाहिली, पण कुणीच काही बोलले नाही. तेव्हापासून पिकाच्या सभेतही मी शेवटी हे बोलतो. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक लावा, आणि हेल्मेट डोक्यावर घाला.

हिशेब साधा आहे. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. ताशी 40 ला सुमारे 11 मीटर. दिवसा दिसते तेवढे रात्री दिसत नाही, म्हणून अंधारात वेग दिव्याच्या उजेडाच्या मानाने ठेवावा.

कायदाही हेच सांगतो. गाडीवर चालक आणि मागे एकच माणूस. हेल्मेट दोघांनाही. ते आयएसआय शिक्क्याचे असावे आणि पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. चार वर्षांखालील मुलासाठी पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा असा नियम 2022 साली जाहीर झाला. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. पोराचा हट्ट पुरवणे म्हणजे माया नव्हे. त्याला आधी गाडी ओळखायला शिकवा, मग वय झाले की लायसन्स काढून द्या.

फटफटीने खेड्याला बाजार, दवाखाना, शाळा जवळ आणली. तिच्यावर प्रेम जरूर करावे, सारे घर मिळून करावे. यंदाच्या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, तेव्हा शेजारी दोन हेल्मेटे ठेवून त्यांचीही पूजा करा. आणि पूजा झाल्यावर ती खुंटीला न टांगता डोक्यावर घालूनच सोने लुटायला निघा.