वाचलेल्या वेळाचा विनियोग

रत्नागिरी जिल्ह्यांतील गणपतिपुळें हें समुद्रकांठचें लहानसें क्षेत्र. मुंबईकडील यात्रेकरू गोव्याच्या महामार्गानें निवळीपर्यंत येतो व तेथून किनाऱ्याकडे वळतो. या महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ सालीं आरंभ झाला. २०२३ सालीं गणेशोत्सवापूर्वीं कशेडी घाटांतील एक बोगदा हलक्या वाहनांस खुला झाला, आणि नागमोडी चढ टळला. त्याच वर्षीं चिपळुणास बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला, हेंहि विसरतां येत नाहीं. कामास विलंब झाला, तरी तें मजबूत व्हावें.

परंतु रस्ता सुधारला म्हणजे गांवाचें कल्याण झालेंच असें नव्हे. सकाळीं येऊन सायंकाळीं परतणारा पाहुणा मागें केरच अधिक ठेवतो; रात्रभर राहणारा खानावळवाल्यास व कोकम विकणाऱ्या बाईस चार पैसे देऊन जातो. शिवाय येथें डोंगरच देवस्वरूप मानला असल्यानें प्रदक्षिणा सबंध डोंगरास घालावयाची. ती घाईनें होत नाहीं. शेजारीं केशवसुतांचें जन्मगांव मालगुंड आहे; तेथें जाण्यासहि सवड हवी.

म्हणून सुज्ञ वाचकांस एवढीच विनंति, कीं वाटेंत वांचलेले तास परतीच्या घाईंत न दवडितां त्या गांवासच द्यावेत.