नवा संगणक सुरूच होत नाही तेव्हा

आज आपल्या समाजातील अनेक घरांत संगणक आला आहे. कुठे पै-पै साठवून, कुठे हप्त्यांवर घेतलेले हे यंत्र मुलांच्या शिक्षणाचे साधन असते. अशा नव्या संगणकाचे फर्मवेअर अद्ययावत करावे आणि नंतर पडद्यावर काहीच उमटू नये, असे घडले की सारे घर हवालदिल होते. पैसा बुडाला असे वाटते. पुष्कळदा तो बुडालेला नसतो. म्हणून या विषयाची थोडक्यात ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये वस्तीला असलेला प्रोग्रॅम. त्याला पूर्वीपासून बायोस म्हणतात. आता त्याची जागा यूईएफआयने घेतली असली तरी जुने नाव टिकून आहे. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर रोखपाल जशी काउंटर उघडण्यापूर्वी रोकड मोजून घेतो, तसा हा प्रोग्रॅम प्रोसेसर, मेमरी, डिस्क तपासतो व मगच विंडोजच्या हाती कारभार देतो. चिप पुन्हा लिहिता येते म्हणून सुधारणा शक्य होते. पण लिहिताना वीज गेली की मजकूर अर्धवट राहतो. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसने अनेक देशांतील संगणकांच्या चिपमधील हाच मजकूर बिघडवला होता.

आता उपाय क्रमाने पाहू.

१) घाई करू नये. डीडीआर-५ मेमरीचे संगणक अद्ययावत झाल्यावर मेमरीची नव्याने जुळणी करतात. त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहतो. पंधरा मिनिटे तरी थांबावे. मध्येच बटन दाबू नये.

२) मदरबोर्डवर प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स व बूट असे चार छोटे दिवे असल्यास कोणता पेटून राहिला आहे ते पाहावे. अडचण कुठे आहे ते त्यावरून कळते.

३) वीजजोड पूर्ण काढून सीआर-२०३२ हा नाण्यासारखा सेल दहा मिनिटे बाहेर ठेवावा. जुन्या सेटिंग पुसल्या जातात व बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

४) तरीही न जमल्यास मेमरीची एकच पट्टी ठेवून पाहावे.

५) अनेक मदरबोर्डवर फ्लॅशबॅकची सोय असते. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल एफएटी-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी, पुस्तिकेत सांगितलेले नाव तिला द्यावे आणि ठरलेल्या जागी पेन ड्राइव्ह लावून बटन दाबावे. संगणक सुरू होत नसतानाही चिप पुन्हा लिहिली जाते.

लॅपटॉप मात्र घरी उघडू नये. वॉरंटी असताना बिल घेऊन सेवाकेंद्रातच जावे.

संगणक सुरू झाल्यावर विंडोज कधी ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागते. फर्मवेअर बदलल्यामुळे ही शंका घेतली जाते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. डिस्कच सापडत नसेल, तर बूटची पद्धत बदलली आहे का, ते पाहावे. कोणी लगेच 'फॉरमॅट मारू' म्हणाले तर साफ नकार द्यावा. आपला प्रकल्प, प्रमाणपत्रे, छायाचित्रे डिस्कवर असतात. बायोसची चिप वेगळी. चिप बिघडली म्हणून डिस्कवरचे काही जात नाही, फॉरमॅटने मात्र ते हातचे जाते.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे. सुरळीत चालणाऱ्या संगणकाचे फर्मवेअर हौसेखातर बदलू नये. सुरक्षेसाठी वा नव्या प्रोसेसरसाठी गरज असेल तरच बदलावे. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी, किल्ली वहीत लिहून ठेवावी, यूपीएस जोडावा, लॅपटॉप असल्यास चार्जर लावून ठेवावा. यंत्र बंद पडले म्हणजे नशीब फुटले असे नाही. कारण शोधावे, एकेक पायरी तपासावी. उपाय त्यातूनच सापडतो.