यीस्टवांचून पाव

पाव म्हटला कीं भट्टी आणि यीस्ट हीं आलींच, अशी आपली समजूत असते. आयर्लंडांतील अनेक शेतकरी घरांत या दोहोंपैकीं एकही नसे. तेथल्या दमट हवेंत पिकणारा गहूं मऊ, त्यांत चिकटपणा कमी. यीस्टच्या पावाला तो मानवत नाहीं. मात्र लोणी काढून उरलेलें ताक असे. एकोणिसाव्या शतकांत खाण्याचा सोडा तेथें मिळूं लागला आणि या ताकाचें सोनें झालें.

ताकांतील आम्ल सोड्याला भेटतांच कार्बन डायऑक्साइड वायु सुटून पीठ फुगतें. पण हा वायु फार वेळ थांबत नाहीं. म्हणून ओव्हन २०० अंश सेल्सिअसला आधींच तापवून ठेवावा.

४५० ग्रॅम मैद्यांत चहाचा एक सपाट चमचा सोडा व तितकेंच मीठ मिसळून सुमारें ३५० मिलिलिटर आंबट, दाट ताक ओतावें आणि गोळा होईल इतपतच कालवावें. कणीक मळण्यास सरावलेल्या हातांना येथें आवर घालणें, हेंच खरें कठीण काम! मळल्यास वायु निघून जातो व पाव चिवट होतो. ताक गोडें असल्यास सोड्याची चव जिभेवर राहते.

गोळा थापून सुरीनें खोल फुली काढावी. तिच्यांतून पऱ्या बाहेर जातात, अशी तिकडे जुनी समजूत. उष्णता मध्यापर्यंत पोंचते, हें मात्र निश्चित. पूर्वी बिडाच्या भांड्यांत, झांकणावर निखारे ठेवून हा पाव भाजीत. ओव्हनमध्यें सुमारें ४० मिनिटें लागतात. तळाशीं टिचकी मारतांच पोकळ आवाज आला कीं काढावा, फडक्यांत गुंडाळावा, आणि त्याच दिवशीं लोणी लावून खावा.