मोहाखाली अस्वलाशी गाठ

1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावावर पुढच्या दहा वर्षांत 191 वाघांबरोबर 25 अस्वलंही नोंदली आहेत. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली. तरी यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्यात गाठ पडतेच, आता मोहाखाली. पहाटे फुलं वेचायला माणूस येतो आणि तीच फुलं खायला अस्वल. डिवचलं नसतानाही ते अंगावर येतं, म्हणून त्याला खुनशी म्हणतात. पण डिवचलं नाही, हा आपला हिशेब. त्याचं नाक तीक्ष्ण, नजर अधू. नाकपुड्या मिटून वारुळातली वाळवी ओढताना तर स्वतःच्याच आवाजात त्याला पावलांची चाहूल लागत नाही. मग माणूस दिसतो तो थेट पुढ्यात, आणि वाघाच्या शेजारात घडलेला हा प्राणी पळण्याऐवजी भिडतो. कुऱ्हाड असली तरी ती उगारायला उसंत कुठली? त्यापेक्षा जोडीने, मोठ्याने बोलत, उजाडल्यावर गेलेलं बरं. उशीर केला तर फुलं गुरं फस्त करतात, ही वेचणाऱ्यांची तक्रारही खरी आहे. पण बोलत जायला तर काही उशीर लागत नाही.